आधी चोपडी, मग नवी आवृत्ती

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या मी रात्री, दिव्यांच्या उजेडात टिपतो. कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० च्या पुढं गेला की पैलवानाच्या पाठीवरची लाल माती कुठली आणि फोटोतले दाणे कुठले, कळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दाणे पुसणारं एआय डीनॉइज आलं. तेवढ्यासाठीच मी नवी आवृत्ती घ्यायचं ठरवलं.

पण आधी कॅटलॉग. फोटो लाइटरूमच्या आत असतात, असं बरेच जण समजतात. फोटो असतात हार्डडिस्कवर. कॅटलॉग ही चोपडी: कुठला फोटो कुठं आहे, उजेड किती वाढवला, सगळी नोंद तिथं. मोठी आवृत्ती बदलली की या चोपडीची नवी प्रत बनते आणि ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून मूळ कॅटलॉग आणि फोटो दोन डिस्कवर उतरवले. एक डिस्क बहिणीकडं, वरच्या मजल्यावर. २०१९ चा महापूर पाहिलाय आम्ही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचे जुने फोटो मात्र आहेत तसेच ठेवले. २०१२ मध्ये लाइटरूम ४ बरोबर रंग-उजेडाचं गणित बदललं. जुन्या फोटोंना ते आपण सांगितल्याशिवाय लागत नाही. मी एकदा सरसकट लावलं आणि गुलालाची छटाच बदलली. तो गुलाबी रंग मला पाठ आहे.

डीनॉइजला रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, लागतो आणि माझ्या कॉम्प्युटरवर वेळही फार. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी पैलवानाच्या खांद्यावर मातीचा कण न् कण दिसत होता.