मुरगळलेला घोटा आणि लपलेला अस्थिभंग

“पाय मुरगळला आहे, तेल चोळा, चार दिवसांत उतार पडेल,” असे आपल्या घरोघरी म्हटले जाते आणि बहुधा ते खरेही ठरते. परंतु कधी कधी सूज ओसरते, मनुष्य शेतावर जाऊ लागतो, तरीही महिनोन्‌महिने घोट्याच्या एकाच जागी कळ निघत राहते. अशा वेळी ती लचक नसून ध्यानात न आलेला अस्थिभंग असण्याचा संभव असतो.

याचे कारण घोट्याच्या रचनेत आहे. टॅलस नावाचे हाड तेथे कोंदणात बसविल्यासारखे असते. त्याच्या बाहेरच्या अथवा मागच्या टोकाचा टवका उडाला, तर साध्या क्ष-किरण चित्रात तो इतर हाडांच्या छायेआड दडू शकतो. सीटी स्कॅनमध्ये मात्र स्पष्ट दिसतो. या हाडाचा अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने मढलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास जागा थोडी. सबब दुर्लक्षिलेली इजा सहजी सांधत नाही आणि कालांतराने सांधा झिजू लागतो.

१९३१ साली अमेरिकेतील डॉ. बर्मन यांनी घोट्याचा सांधा दुर्बिणीसाठी फारच अरुंद असल्याचे मत दिले होते. पुढे उपकरणे बारीक झाली आणि २००० साली नेदरलँड्समधील डॉ. व्हॅन डाइक यांनी टाचेच्या शिरेच्या दोन्ही बाजूंच्या दोन लहान छिद्रांतून मागील भागावर उपचार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अशा मार्गाने सुटा टवका काढून टाकता येतो. तुकडा मोठा असल्यास लहानशा छेदातून स्क्रूने जागी बसविता येतो. जखम लहान, म्हणून मांसपेशींची हानीही कमी. तथापि हाड फार सरकले असेल, तर मोठी शस्त्रक्रिया टळत नाही. आणि हाड जुळविल्यावर काही आठवडे त्या पायावर भार न देण्याचे पथ्य पाळावेच लागते.

मग दवाखान्यात केव्हा जावे? कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली ठरविलेले नियम येथे उपयोगी पडतात. घोटा दुखत असून त्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबताच वेदना झाली, किंवा चार पावलेही टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण चित्र काढावे. चालता येते एवढ्यावरून हाड शाबूत आहे, असे मानू नये.

दुखणे अंगावर काढणे म्हणजे सोशिकता नव्हे. ज्या पायांवर घर उभे आहे, त्यांची वेळीच तपासणी करविणे हे घराप्रती कर्तव्यच होय.