मोडेम व त्याच्या सुधारित सोयी



पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यातील कारखान्यांतून वापरून झालेले संगणक आसपासच्या शाळांना देणगीदाखल मिळतात, हे आपणांस ठाऊक आहेच. अशा जुन्या संगणकाच्या पाठीमागे पुष्कळदा सारखी दिसणारी दोन चौकोनी छिद्रे आढळतात. एक रुंद, दुसरे अरुंद. रुंद छिद्र आजच्या राउटरकडून येणाऱ्या तारेसाठी असते. अरुंद छिद्र दूरध्वनीच्या तारेसाठी असून त्याच्या आत डायल-अप मोडेम बसविलेला असतो. अरुंद खटका रुंद छिद्रात सैलसर बसतो, त्यामुळे चुकीची तार लावली जाते आणि ‘संगणक बिघडला’ असा शेरा मारून यंत्र कपाटात जाते. पालक तर घरात इंटरनेट आणणाऱ्या कोणत्याही पेटीला सरसकट मोडेमच म्हणतात. म्हणून मोडेम म्हणजे काय, त्यात कालांतराने कोणत्या सुधारणा झाल्या आणि त्यांतील कोणत्या गोष्टी आजच्या पेटीस लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दूरध्वनीची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली होती. सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपने असलेला आवाज तेवढा तीतून नीट जातो. संगणकाला मात्र शून्य आणि एक या दोनच चिन्हांची भाषा कळते. ही चिन्हे सुरांत बदलून तारेवर सोडणे आणि पलीकडून आलेल्या सुरांची पुन्हा चिन्हे करणे, अशी दुहेरी कामगिरी मोडेम करतो. पूर्वी तारघरातील मास्तर कडकट्टाच्या आवाजावरून अक्षरे उतरवून घेत, तसाच हा प्रकार आहे. फक्त मास्तरांच्या जागी यंत्र आहे. जोडणी होताना मोडेममधून जी किंकाळीसारखी चमत्कारिक खरखर ऐकू येई, ती दोन मोडेमांनी तारेची परीक्षा घेऊन आपसांत वेग ठरविल्याची खूण होती.

आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. १९९४ सालच्या व्ही. ३४ या मानकानुसार मोडेमचा वेग सेकंदास २८,८०० चिन्हे होता. दोन वर्षांनी तो ३३,६०० झाला. १९९८ साली आलेल्या व्ही. ९० मानकाने तो ५६,००० पर्यंत नेला. हा ५६ हजारांचा आकडा कोठून आला, हे सातवीच्या वर्गातही सांगता येण्याजोगे आहे. डिजिटल एक्स्चेंज आवाजाची सेकंदास ८,००० वेळा मोजणी करते व प्रत्येक मोजणी आठ चिन्हांत लिहिते. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. परंतु घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेत खरखर मिसळत असल्याने आठव्या चिन्हाचा भरवसा धरता येत नाही. उरली सात, ८,००० गुणिले ७ बरोबर ५६,०००. प्रत्यक्षात हा वेगही क्वचितच मिळे. एक्स्चेंज लांब असले, तारेचे सांधे गंजलेले असले किंवा वाटेत आवाजाचे रूपांतर एकाऐवजी दोनदा होत असले, तर मोडेम निमूटपणे ३३,६०० वर किंवा त्याखाली उतरे. वाडीवस्तीवरच्या ग्राहकाने शहरातल्याइतकाच महाग मोडेम घेऊनही त्याला निम्मा वेग मिळे, याचे कारण हेच.

यापुढील सुधारणा म्हणजे २००० साली आलेले व्ही. ९२ हे मानक. त्यात तीन सोयी होत्या. पहिली, आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या मजकुराचा वेग ३३,६०० वरून ४८,००० पर्यंत वाढला. दुसरी, शीघ्र जोडणी: मोडेम मागील खेपेच्या तारेचे गुणदोष लक्षात ठेवी आणि पुढील खेपेस परीक्षा आटोपती घेई, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागणारा वेळ बराच कमी होई. याच सुमारास व्ही. ४४ हे मजकूर आवळून पाठविण्याचे नवे मानकही आले. लिखित मजकुरास त्याचा चांगला फायदा होई; मात्र आधीच आवळलेल्या छायाचित्रास काहीच होत नसे. पिळून काढलेला कपडा पुन्हा पिळल्यास पाणी कोठून येणार?

तिसरी सोय आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. घरात दूरध्वनीची तार एकच. मुलगा इंटरनेटवर बसला की दूरध्वनी तासन् तास गुंतलेला. वडील पाळीवर, गावाकडे आजी आजारी, आणि निरोप द्यावयास मार्ग नाही, ही अडचण कामगारवस्तीत फार जाचक होती. व्ही. ९२ मध्ये यावर ‘मोडेम थांबवून ठेवणे’ हा उपाय होता. बाहेरून दूरध्वनी आला की एक्स्चेंज सूचनेचा सूर देई. मोडेम तो ओळखून पलीकडील मोडेमकडे थांबण्याची परवानगी मागे. परवानगी मिळाली की संभाषण उरकून घ्यावे आणि मग तीच जोडणी पुढे चालू करावी. थांबण्याची मुदत पलीकडील यंत्र ठरवी. ती दहा सेकंदही असे, सोळा मिनिटेही असे, आणि साफ नकारही मिळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोडेमच्या खोक्यावर व्ही. ९२ छापलेले असले म्हणजे या सोयी मिळतच असे नव्हे. आपला मोडेम, इंटरनेट पुरविणाऱ्याच्या केंद्रातील मोडेम आणि एक्स्चेंजमधील प्रतीक्षा-सूचनेची सेवा ही तिन्ही अनुकूल असावी लागत. एक जरी कमी पडले तरी नवा मोडेम जुन्याप्रमाणेच चाले. जुळणीतही असेच बारकावे होते. एक्स्चेंज जुन्या पद्धतीचे असेल तर सुरांऐवजी ठोक्यांनी आकडा फिरवावा लागे. स्थानिक डायलचा सूर मोडेमला ओळखता आला नाही तर ‘एक्स ३’ ही आज्ञा जादा आज्ञांच्या रकान्यात लिहावी लागे. म्हणजे तो सुराची वाट न पाहता आकडा फिरवी.

हा काळ आता मागे पडला. ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदास २ लाख ५६ हजार चिन्हे ठरविली. २०२३ साली ती २० लाख झाली. अमेरिकेतील ए.ओ.एल. कंपनीनेही आपली डायल-अप सेवा सप्टेंबर २०२५ अखेर बंद केली. ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा धागा नेण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. फरकाची कल्पना मुलांना गणितानेच द्यावी. पाठ्यपुस्तकाची २० मेगाबाइटची प्रत म्हणजे १६ कोटी चिन्हे. सेकंदास ५०,००० या वेगाने ती उतरविण्यास ३,२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटे लागतात. सेकंदास ३ कोटी या वेगाने साडेपाच सेकंदांच्या आत काम होते.

काचेच्या धाग्याच्या टोकास असलेली पेटी सुरांऐवजी प्रकाशाची उघडझाप वाचते, एवढाच मूळ भेद आहे. तिच्यावर ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला की धागा शाबूत आहे असे समजावे. ‘लॉस’ हा तांबडा दिवा लागल्यास प्रकाश पोचत नाही. अशा वेळी संगणकाशी झटापट न करता धागा कोठे दुमडला किंवा खुंटीस गुंडाळला आहे काय ते पाहावे. तसे नसेल तर तक्रार नोंदवावी. रस्त्यांची व जलवाहिन्यांची खोदकामे सदैव चालू असलेल्या आपल्या भागात धागा तुटणे ही नित्याची बाब आहे. धाग्याच्या टोकात डोळा लावून पाहण्याचा मोह मुलांस होतो, तो कटाक्षाने आवरावा. तेथील प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्यांस अपायकारक असतो.

पेटी लोखंडी कपाटात कुलूपबंद करण्याची रीत पुष्कळ शाळांत आहे. चोरीची भीती खरी असली तरी लोखंडातून लहरी बाहेर पडत नाहीत. भिंतीवर उंच जागी लाकडी फळी ठोकणे बरे. पेटीसोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा व सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यू.पी.ए. २ किंवा ३ निवडावे. चाकण-म्हाळुंगे परिसरात एका जोडणीवर चार खोल्यांतील भाडेकरू चालतात. तेथे पालकांना पाहुण्यांसाठीचे स्वतंत्र जाळे सुरू करावयास सांगावे. गैरप्रकार घडल्यास पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावे असेल त्याच्याकडे होते.

नव्या पेटीत एक उणीव मात्र आहे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्ट वीज येत असे, म्हणून गावातील दिवे गेले तरी दूरध्वनी चाले. काचेतून वीज येत नाही. वीज गेली की पेटी बंद, आणि तिच्यावरचा दूरध्वनीही बंद. शाळेत लहानसा बॅटरीसंच जोडलेला असावा, आणि आणीबाणीचे क्रमांक भिंतीवर लिहिलेले असून जवळ निदान एक साधा मोबाइल असावा.

शेवटी एका तारेच्या अडचणीकडे वळतो, कारण ती वेष पालटून अद्याप घराघरांत आहे. पुष्कळ कामगारांच्या घरी तार नाहीच. वडिलांचा एकच मोबाइल. तो फोर-जीवर असून त्यात व्होल्टीची सोय चालू असेल तर बोलणे व इंटरनेट दोन्ही एकाच वेळी चालतात. तो टू-जीवर उतरला, किंवा दोन सिमांपैकी ज्यावर इंटरनेट नाही त्यावर बोलणे सुरू झाले, तर पुष्कळ यंत्रांत इंटरनेट थांबते. मुलाचा पाठ मध्येच तुटतो आणि आपण हजेरीत त्याला गैरहजर मांडतो. म्हणून मोबाइलवर अभ्यास देण्यापूर्वी वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी यंत्र किती, ते कोणाच्या खिशात असते आणि त्या व्यक्तीची पाळी कोणती, याची नोंद वहीत करून ठेवावी. दुसऱ्या पाळीचे वडील मध्यरात्रीच्या सुमारास परततात. त्या घरी सायंकाळी सातला पाठविलेला अभ्यास मुलाच्या हाती दुसऱ्या दिवशी सकाळीच पडणार. अशा मुलांना तो शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावरून उतरवून घेऊ द्यावा.