मजल, मुक्काम आणि शिधा

दिनांक ८ मार्च १९५१ रोजी आचार्य विनोबा भावे वर्ध्याहून हैदराबादेजवळील शिवरामपल्लीस पायी निघाले. तेथे सर्वोदय संमेलन भरणार होते. आगगाडीची सोय असतानाही त्यांनी पायी जाण्याचे ठरविले. अंतर सुमारे ३०० मैल, म्हणजे जवळजवळ ४८० किलोमीटर होते आणि दिवस उन्हाळ्याचे होते. एवढ्या लांबच्या वाटेवर अन्न, पाणी आणि निवारा यांची व्यवस्था कशी होते, हे आपण पाहू.

प्रथम थोडा हिशेब करावा. एका माणसास दिवसाकाठी अर्धा किलो शिधा लागतो असे धरले, तर महिन्याला पंधरा किलो होतो. पाण्याचा हिशेब याहून कठीण आहे. कडक उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. चार दिवसांचे पाणी पाठीवर घेतले, तर त्या भारानेच चालणारा थकून जाईल. म्हणून अन्नपाणी वाटेत पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. राजस्थानच्या वाळवंटातून जाणारे उंटांचे तांडे एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत मजल आखीत, ते याच कारणाने.

विदर्भ आणि तेलंगण हे काही वाळवंट नव्हे. येथे वाटेवर गावे आहेत आणि गावोगावी विहिरी आहेत. त्यामुळे पदयात्रेची मजल गावांच्या अंतरावरून ठरते. विनोबा पहाटे काळोखातच कंदिलाच्या उजेडात चालू लागत. ऊन तापण्यापूर्वी पुढचे गाव गाठले म्हणजे घाम कमी जातो आणि पाणीही कमी लागते. रोज सरासरी दहा मैल चालून ते ७ एप्रिलला शिवरामपल्लीस पोहोचले. त्यांचा स्वतःचा आहार अगदी साधा, मुख्यतः दूध व दही यांचा असे.

परंतु यात्रेकरूंना लागणारे अन्न गावाच्या घरांतूनच येते, हे विसरता कामा नये. १९३० साली महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस पायी निघाले. त्या वाटेवर २९ मार्चला भाटगाम येथे त्यांनी आपल्या सोबत्यांना कठोर शब्द ऐकविले. यात्रेसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणले गेले होते, आणि रात्रीच्या उजेडासाठी एका गरीब मजुराच्या डोक्यावर जड बत्ती देऊन त्याला घाईने चालविण्यात आले होते. गरिबांसाठी निघालेल्या यात्रेचा भार गरिबाच्याच डोक्यावर पडावा, हे गांधीजींना सहन झाले नाही. या दोषातून त्यांनी स्वतःलाही वगळले नाही. पुढे १९३६ साली ज्यांनी वर्ध्याजवळील सेवाग्रामास आपले घर केले, ते हेच गांधीजी.

मुक्कामाचे महत्त्व केवळ विश्रांतीपुरते नसते. शिवरामपल्लीचे संमेलन आटोपल्यावर विनोबा तेलंगणातील खेड्यांतून हिंडू लागले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीच्या मुक्कामी भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. तेव्हा त्याच गावचे रामचंद्र रेड्डी यांनी आपली १०० एकर जमीन देऊ केली. भूदानाचा आरंभ तो हाच. वेगाने जाणाऱ्या वाहनातून हे गाव मागे पडले असते. पायी चालणाऱ्याला ते थांबूनच ओलांडावे लागले. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देशभर चालत राहिले आणि १९६४ साली धाम नदीच्या काठी पवनारच्या आश्रमात परतले.

तुम्हीही शाळेच्या सहलीस पायी जाल, तेव्हा ओझे हलके ठेवा, पहाटे निघा आणि पाणी कोठे मिळेल याची आधी चौकशी करा. ज्या गावी मुक्काम कराल, तेथील विहीर स्वच्छ ठेवा, आणि तेथे मिळेल ते अन्न आनंदाने व मापाने घ्या. आपण गेल्यावर गावाने पुन्हा या म्हणावे, हीच चांगल्या पांथस्थाची खूण होय.