कारण विचारण्याचा हक्क

बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये आज लोक आपल्या मागण्या घेऊन धरण्याला बसतात. ही जागा म्हणजे शहराचे जुने मध्यवर्ती कारागृह. आणीबाणी पुकारल्याला काही तास होतात न होतात तोच, २६ जून १९७५ रोजी, चार खासदारांना बेंगळुरूत अटक झाली: अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपल्या राजापूरचे मधू दंडवते. संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते आले होते आणि त्यांची रवानगी याच तुरुंगात झाली. दंडवते इथे सुमारे दीड वर्ष होते. प्रमिलाताई दंडवते त्याच काळात पुण्याच्या येरवड्यात होत्या, आणि नवरा-बायकोची पत्रे दोन तुरुंगांमधून ये-जा करत होती. बेंगळुरूतल्या या स्थानबद्धांनी कर्नाटक उच्च न्यायालयात एक साधा प्रश्न नेला होता: आम्हाला कशासाठी धरले आहे? नागरी हक्कांचे संरक्षण म्हणतात ते माझ्या मते या प्रश्नातच सामावलेले आहे. संविधानातली कलमे कितीही भारदस्त असली, तरी सरकारला कारण विचारण्याची आणि ते तपासण्याची सोय बंद झाली की त्या कलमांचा आधार उरत नाही.

या सोयीचे कायद्यातले जुने नाव हेबियस कॉर्पस. मराठीत आपण तिला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतो. एखाद्याला डांबून ठेवले असेल तर त्याच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रसुद्धा अर्ज करू शकतो आणि न्यायालय त्या माणसाला समोर आणून कोठडीचा आधार दाखवायला सांगते. संविधानाच्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात आणि कलम २२६ खाली उच्च न्यायालयात हा अर्ज करता येतो. १९७५ मध्ये सरकारने नेमका इथेच घाव घातला. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४ (समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेपासून संरक्षण) यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित केला. विनाचौकशी स्थानबद्ध करण्याच्या ‘मिसा’ कायद्यात दुरुस्ती करून स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला सांगण्याचे बंधनही काढून टाकले. तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी दार लावून घेतले नाही. कर्नाटक उच्च न्यायालय त्यांत होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. हक्क स्थगित असला तरी स्थानबद्धतेचा आदेश निदान ‘मिसा’च्या चौकटीत बसतो का, हे आम्ही पाहू शकतो, अशी त्यांची भूमिका होती.

सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ही भूमिका मोडीत काढली. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले होते की, पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरीही काही उपाय नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर महान्यायवादी निरेन डे यांनी दिले. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. उच्च न्यायालयांनाही किंमत मोजावी लागली. १९७६ मध्ये सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. त्यांत कर्नाटकचे न्या. चंद्रशेखर अलाहाबादला आणि न्या. सदानंदस्वामी गुवाहाटीला गेले. आणि कारण विचारणारे कुणी नसले की काय होते, ते बेंगळुरूच्याच तुरुंगाने दाखवले. ‘संस्कार’ चित्रपटातल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने आजारी असताना तिथे महिनोन्महिने बंदिवान होत्या. जानेवारी १९७७ मध्ये त्या पॅरोलवर सुटल्या आणि काही दिवसांतच गेल्या.

यानंतरची डागडुजी दोन टप्प्यांत झाली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरवले. मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयतेचा हक्क मान्य करताना १९७६ चा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. अर्जदार होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी, आणि प्रमुख निकालपत्र यशवंत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांचे. चूक सुधारायला एकेचाळीस वर्षे लागली. तोवर त्या तुरुंगातले बरेच जण हयातही नव्हते.

म्हणजे न्यायालये उशिराच जागी होतात, मग त्यांचा उपयोग काय, असा आक्षेप कुणी घेईल. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरोधी निदर्शनांच्या वेळी बेंगळुरूच्या पोलीस आयुक्तांनी १९ ते २१ डिसेंबर जमावबंदी लावली. मुळात मुंबई उच्च न्यायालयातून आलेले, तेव्हाचे कर्नाटकचे मुख्य न्यायाधीश अभय ओक यांच्या पीठाने दुसऱ्याच दिवशी सुनावणी घेऊन सरकारला विचारले की, प्रत्येक निदर्शनावर बंदी घालणार का? अंतिम निकाल १३ फेब्रुवारी २०२० रोजी आला, तेव्हा जमावबंदी केव्हाच उठली होती. तरी तो वाया गेला नाही. आयुक्तांनी उपायुक्तांचे अहवाल उतरवून काढले, स्वतःचा विचार आणि स्वतःची कारणे नोंदवली नाहीत, म्हणून आदेश बेकायदा, असे पीठाने म्हटले. पुढचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला ही कसोटी आता टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: दंगल पेटायच्या बेतात असताना पोलिसांनी कारणे लिहीत बसायचे का? पण कारण मागणे म्हणजे आरोपीला सोडणे नव्हे. कारण खरे असेल तर कोठडी टिकते. कारणच नसेल तर त्या कोठडीने सुरक्षा वाढत नाही, उलट खरा गुन्हेगार बाहेर राहण्याची शक्यता वाढते. २०२३ आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनी लाँडरिंग आणि ‘यूएपीए’सारख्या कडक कायद्यांखालीसुद्धा अटकेची कारणे लेखी द्यावीत असे सांगितले, ते याच विचाराने. उच्च न्यायालय गरिबाच्या आवाक्याबाहेरचे, ही तक्रार मात्र मला सर्वांत गंभीर वाटते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळायला हवा. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणे कलम २२ ने बंधनकारक आहे. बहुतेकांसाठी ‘कशासाठी धरले’ हा प्रश्न दिल्लीत नव्हे, तर तालुक्याच्या कोर्टात त्या पाच-दहा मिनिटांत विचारला जातो किंवा राहून जातो, आणि तिथे वकील हजर असणे मोठमोठ्या निकालांइतकेच मोलाचे आहे.

संसदेचे कामही अजून पुरते झालेले नाही. त्याच ४४ व्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती: स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय प्रतिबंधात्मक स्थानबद्धता तीनऐवजी दोनच महिने, आणि त्या मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचा कार्यरत न्यायाधीश. ही तरतूद अमलात येण्यासाठी केंद्राची फक्त एक अधिसूचना हवी होती. ज्या सरकारात स्वतः दंडवते मंत्री होते, त्यानेही ती काढली नाही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तशी सक्ती करायला नकार दिला. नंतर आलेल्या एकाही सरकारने ती अधिसूचना काढलेली नाही, आणि कलम २२ मध्ये तीन महिन्यांचीच मुदत कायम आहे.