डालड्याच्या डब्याचा उतरता क्रम

डालडा १९३७ साली बाजारात आला आणि त्याचा पिवळा पत्र्याचा डबा आतले वनस्पती तूप संपल्यावरही घरातच राहिला. आधी त्यात डाळ, मग खिळे-मोळे आणि बूड गंजले की माती भरून तुळस. या उतरत्या क्रमाला कारण होते. असा डबा लोखंडी पत्र्याचा असतो आणि त्यावर कथिलाचा अगदी पातळ थर असतो. चमच्याने तो खरवडला गेला की खालचे लोखंड उघडे पडून गंजते. चिंच, मीठ, लोणचे यांनी हे काम आणखी लवकर होते. म्हणून एकदा खाली उतरलेला डबा पुन्हा धान्यासाठी वर चढत नसे. प्लास्टिक आल्यावर हा क्रम मोडला आणि त्याची जागा काही समजुतींनी घेतली.

सर्वांत पक्की समजूत डब्याच्या बुडावरच्या त्रिकोणाची. बाणांचा तो त्रिकोण आणि आतला १ ते ७ मधला आकडा म्हणजे डबा पुन्हा वापरायला सुरक्षित असल्याचा शिक्का, असे सर्रास मानले जाते. मुळात ही खूण अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणली, ती भंगार निवडणाऱ्यांच्या सोयीसाठी. १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एवढेच ती सांगते. पेटची बाटली ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागते. उकळत्या पाण्याने धुतली की ती आक्रसते, मान वाकडी होते आणि झाकणाचे आटे बसेनासे होतात. अशा बाटलीत तांदूळ, रवा, साबुदाणा यांसारख्या कोरड्या वस्तू चालतात. गरम तूप किंवा वाफाळती भाजणी नाही.

‘धुतला की डबा नवा’ हेही अर्धेच खरे. काच वास धरत नाही, प्लास्टिक धरते. हळदीच्या डब्याचा पिवळा डाग साबणाने जात नाही, कारण रंग आत मुरलेला असतो. उन्हात ठेवला तर तो बराच फिका होतो. लोणच्याच्या काचेच्या बरणीतही वास राहतो, पण तो बहुधा झाकणाच्या आतल्या मऊ कड्यात. झाकण बदलले की त्याच बरणीत जिरे बिनधास्त राहते. फिनाइल, ॲसिड आणि कीटकनाशकांचे कॅन मात्र कितीही धुतले तरी पाण्याला किंवा धान्याला वापरता येत नाहीत. कीटकनाशकाच्या लेबलावर चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हिरवा पाहून निर्धास्त होणारे बरेच असतात. तो फक्त विषाची सर्वांत सौम्य पायरी दाखवतो. असा कॅन पुन्हा कोणी भरू नये म्हणून त्याला भोके पाडून निकामी करायचे असते.

पुठ्ठ्याबद्दलचा गैरसमज उलट्या दिशेचा आहे: तो दुबळा समजला जातो. तीन पदरी पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद असतो. नागमोडीमुळे तयार झालेल्या नळ्या उभ्या राहतील असे खोके ठेवले तर ते चांगलेच वजन पेलते; आडव्या आल्या तर लवकर बसते. पुठ्ठ्याचा खरा वैरी दमट हवा. कोकणातल्या जुलैत भिंतीला टेकवलेल्या खोक्याचे बूड हाताला मऊ लागते, तेव्हाच ते कामातून गेलेले असते. बाहेरून ऑइल पेंट फासून उपयोग होत नाही, कारण कापलेल्या कडांची तोंडे उघडीच राहतात. थर चिकटवायला बहुधा स्टार्चची खळ वापरलेली असते. झुरळांना ती आवडते आणि वाळवीला कागद. पाटावर किंवा विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवलेले खोके जास्त टिकते. त्यात पुस्तके आणि खेळणी ठेवावीत, धान्य नको.

वर्तमानपत्राची रद्दी मांडणीवर अंथरायला ठीक, पण अन्नाला थेट लागू नये, कारण छपाईची शाई त्यात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनीही अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. रद्दी भिजवून, वाटलेली मेथी घालून केलेली लगद्याची टोपली मात्र कांदे-लसणाला उत्तम. मेथीचा चिकटपणा डिंकासारखे काम करतो.

घट्ट झाकणाने टोके लागत नाहीत, ही समजूतही फसवी आहे. टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते, त्यामुळे पुष्कळदा कीड धान्याबरोबरच डब्यात शिरते. धान्याला कडक ऊन दाखवणे हा उपाय जुना आणि खरा आहे, पण ते गार होऊ देऊन भरायला हवे. गरम भरले की झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब धरतात आणि वरच्या थराला बुरशी येते.

रेशमी साडीचेही तसेच. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि वर्तमानपत्राच्या घडीत कापड पिवळे पडते, कारण स्वस्त कागदातले लिग्निन कालांतराने आम्ल सोडते. पोथ्यांसारखे सुती बासन इथे सर्वांत चांगले, आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचे ते फुकटात होते. फक्त त्याला खळ नसावी. चंदेरी कसर खळ खायला येते आणि मग आतल्या साडीपर्यंत पोचते.