परदेशी कोणता कॅमेरा न्यावा?

आधी काय टिपायचे ते ठरवा. 22 जानेवारी 1898 रोजी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊरला खग्रास सूर्यग्रहण दिसले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल 40 फुटी कॅमेरा घेऊन आले होते. एवढा लांब कशासाठी? सूर्याच्या प्रतिमेचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे 110 व्या भागाइतका असतो. 40 फुटांना तो 11 सेंमी भरतो. 50 मिमीच्या भिंगाला अर्धा मिमीही नाही! चंद्राचेही जवळजवळ तसेच. म्हणून दूरचे टिपायचे तर लांब नाभीय अंतराचे भिंग आणि भक्कम तिवई न्यावी; गल्ल्या, इमारतींना आखूड भिंगच बरे. आपल्या कॅमेऱ्यात चंद्र केवढा उमटेल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा.