जालद्वारांचे नामकरण व अभिज्ञान

संगणक, स्विच, मुद्रक इ. साधने ज्या ठिकाणी केबलने संगणक-जालास जोडली जातात, त्या ठिकाणास जालद्वार किंवा व्यवहारात नेटवर्क पोर्ट म्हणतात. एकाच संगणकास अनेक द्वारे असतील, तर प्रत्येक द्वारास स्वतंत्र नाव द्यावे लागते आणि ते नाव नेमक्या कोणत्या द्वाराचे आहे, हे केव्हाही निश्चितपणे सांगता यावे लागते. यांपैकी पहिल्या क्रियेस नामकरण व दुसरीस अभिज्ञान असे म्हणता येईल. पोर्ट ही संज्ञा संगणकाच्या आज्ञावलींतील संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या ८०, ४४३ अशा क्रमांकांनाही लावतात. ते पोर्ट केवळ तार्किक असून प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही. येथे विचार आहे तो केबल जोडता येईल अशा भौतिक द्वारांचा.

नाव व अभिज्ञानक : नाव उच्चारावयास सोपे असते, परंतु ते एकमेव असतेच असे नाही. सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमाजवळ, पुणे–बंगळूरू महामार्गावर उंब्रज हे गाव आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातही उंब्रज याच नावाचे गाव आहे. पाकिटावर केवळ ‘उंब्रज’ लिहिल्यास पत्र कोठे न्यावयाचे हे ठरत नाही. अशा नामसाम्यामुळे व पत्त्यांच्या लेखनात अनेक भाषा वापरल्या जात असल्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड पद्धत सुरू झाली. केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे या पद्धतीचे जनक होत. सातारा जिल्ह्यातील उंब्रजचा पिनकोड ४१५१०९ आहे. त्यातील पहिले तीन अंक पत्रांच्या वर्गीकरणाचा विभाग दाखवितात, तर शेवटचे तीन अंक त्या विभागातील वाटप करणारे डाकघर दाखवितात. ४१५ हेच अंक सांगली जिल्ह्यातील विटा येथील ४१५३११ या पिनकोडाच्या आरंभीही येतात. म्हणजे हा क्रमांक महसुली जिल्हा दाखवीत नाही; पत्राने कोणत्या मार्गाने जावयाचे, ते दाखवितो. जालद्वारांच्या अभिज्ञानातही नाव, स्थान व मार्ग यांतील हाच भेद मूलभूत आहे.

अडचणीचे मूळ : ईथरनेट ही जालपद्धती अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये उदयास आली व १९८३ मध्ये तिचे मानक संमत झाले. प्रारंभी एका संगणकास बहुधा एकच द्वार असे, त्यामुळे नावाचा प्रश्न उद्भवत नसे. लिनस तोर्वाल्दस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स या कार्यप्रणालीत सापडलेल्या पहिल्या ईथरनेट द्वारास ‘ईथ०’, दुसऱ्यास ‘ईथ१’ अशी नावे देण्याची प्रथा पडली. हा क्रमांक द्वारात किंवा त्याच्या जागेत कोठेही कोरलेला नसतो. संगणक सुरू होताना जे द्वार आधी सापडेल, त्यास लहान क्रमांक मिळतो, एवढाच त्याचा अर्थ होय.

पुढे संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून निरनिराळ्या प्रयुक्तींच्या चालक-आज्ञावली एकाच वेळी चालविण्यात येऊ लागल्या. त्यामुळे कोणते द्वार आधी सापडेल याची शाश्वती राहिली नाही. काल ‘ईथ०’ असलेले द्वार आज ‘ईथ१’ होऊ शकते. याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नसतो. एखाद्या संस्थेचे अंतर्गत जाल व बाहेरील इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या संगणकास निदान दोन द्वारे असतात. ‘ईथ०’ हे बाहेरचे व ‘ईथ१’ हे आतले असे धरून त्यावर प्रवेशाचे नियम लिहिलेले असतात. वीज जाऊन आल्यानंतर ही नावे परस्परांत बदलली, तर आतल्यांसाठी असलेली मोकळीक बाहेरच्यांस मिळते. एकही केबल हललेली नसते, एकही नियम बदललेला नसतो आणि तरीही दार उघडे पडते.

अभिज्ञानाचे आधार : द्वार ओळखण्याचे मुख्यतः तीन आधार आहेत व प्रत्येक आधार वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

(१) ‘हे कोणते द्वार?’ या प्रश्नाचे उत्तर निर्मात्याने द्वारास दिलेला ४८ द्विमान अंकी पत्ता देतो. यास मॅक पत्ता म्हणतात. बहुधा त्यातील पहिले २४ अंक निर्मात्यास विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या संस्थेकडून मिळालेले असतात व उरलेले २४ निर्माता स्वतः ठरवितो. ४८ अंकांच्या सुमारे २८१ लाख कोटी जुळण्या होतात. हा पत्ता कार्डाबरोबर प्रवास करतो. कार्ड बिघडून नवे बसविले की पत्ता बदलतो, मग द्वाराची जागा व काम तेच असले तरी. शिवाय आज्ञावलीने तो बदलता येतो, तसेच अनेक द्वारे एकत्र बांधून एक केल्यास त्या सर्वांस एकच पत्ता दिला जाऊ शकतो.

(२) ‘हे कोठे आहे?’ याचे उत्तर द्वारापर्यंतचा संगणकांतर्गत मार्ग देतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीसीआय या जोडणी-पद्धतीत प्रत्येक प्रयुक्तीचे स्थान बस, प्रयुक्ती व कार्य या तीन क्रमांकांनी सांगतात. बससाठी ८, प्रयुक्तीसाठी ५ व कार्यासाठी ३ द्विमान अंक असल्याने अनुक्रमे २५६, ३२ व ८ क्रमांक उपलब्ध होतात. एकाच कार्डावर चार द्वारे असतील, तर ती बहुधा एकाच प्रयुक्तीची चार कार्ये म्हणून दिसतात.

(३) ‘हे कशासाठी आहे?’ याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते मनुष्यानेच द्यावे लागते. ‘बाहेरचे’, ‘लेखा विभाग’, ‘दुसरा मजला’ अशी नावे या वर्गात येतात.

सापडण्याच्या क्रमावरून दिलेला क्रमांक या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो सुटसुटीत असल्यामुळे अभिज्ञानक असल्याचा भास मात्र निर्माण करतो.

एकाहून अधिक यजमान नियंत्रक : संगणकाच्या मध्यवर्ती भागापासून बाहेरील प्रयुक्तींकडे जाणाऱ्या एका शाखेचे नियमन करणाऱ्या मंडलास यजमान नियंत्रक किंवा होस्ट कंट्रोलर म्हणतात. मोठ्या संगणकांत असे नियंत्रक अनेक असतात आणि प्रत्येक नियंत्रक आपल्या शाखेतील द्वारे स्वतंत्रपणे मोजतो. परिणामी ‘द्वार १’ प्रत्येक शाखेत असते, जसे उंब्रज कराड तालुक्यातही आहे व जुन्नर तालुक्यातही. अशा वेळी द्वाराचा क्रमांक एकटा निरुपयोगी ठरतो. त्याच्याआधी नियंत्रकाचे अभिज्ञान जोडावे लागते.

पीसीआय पद्धतीत याकरिता बस-क्रमांकाच्या आधी क्षेत्र-क्रमांक लिहितात. दोन भिन्न क्षेत्रांत तिसऱ्या क्रमांकाची बस असू शकते. क्षेत्र-क्रमांकामुळे त्यांची गल्लत होत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी पद्धतीत हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. प्रत्येक यूएसबी नियंत्रकाच्या शाखेत कमाल १२७ प्रयुक्तींना पत्ते देता येतात, परंतु हे पत्ते प्रयुक्ती जोडण्याच्या वेळी दिले जातात व ती काढून पुन्हा लावल्यास बदलतात. लिनक्समध्ये यूएसबी शाखांना मिळणारे क्रमांकही नियंत्रक सापडण्याच्या क्रमाने ठरतात. म्हणून टिकाऊ मार्ग लिहिताना आरंभ शाखेच्या क्रमांकापासून न करता नियंत्रकाच्या पीसीआय स्थानापासून करतात व त्यापुढे क्रमाने येणाऱ्या यूएसबी द्वारांचे क्रमांक लिहितात.

हेच तत्त्व अनेक संस्करक असलेल्या महासंगणकासही लागू पडते. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) १९९१ मध्ये तयार केलेल्या ‘परम ८०००’ या संगणकात ट्रान्सप्यूटर जातीचे संस्करक वापरले होते. अशा प्रत्येक संस्करकास इतर संस्करकांशी जोडणारे चार दुवे असत व त्यांचे क्रमांक ० ते ३ असत. ‘दुवा २’ एवढे सांगून जोडणीचा बोध होत नाही. संस्करक क्रमांक व दुवा क्रमांक ही जोडीच एक टोक निश्चित करते.

लिनक्समधील नामपद्धती : क्रमाधिष्ठित नावांचे दोष दूर करण्यासाठी प्रथम मॅक पत्ता व नाव यांची नोंद एका धारिकेत ठेवण्याचा उपाय योजण्यात आला. तथापि तयार प्रणालीची प्रतिकृती दुसऱ्या संगणकावर नेल्यास जुन्या पत्त्याची नोंद तशीच राही व तेथील पहिल्याच द्वारास ‘ईथ१’ हे नाव मिळे. २०११ नंतर डेल कंपनीने तयार केलेली, स्थानावर आधारलेली नामयोजना काही वितरणांत आली. जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टिमडी’च्या १९७ व्या आवृत्तीत स्थानाधिष्ठित नामपद्धती समाविष्ट झाली आणि पुढे ती बहुतेक प्रमुख वितरणांनी स्वीकारली.

या पद्धतीत ईथरनेट द्वाराचे नाव ‘ईएन’ या अक्षरांनी सुरू होते. संगणकाच्या मुख्य फलकावरील द्वारास आरंभ-आज्ञावलीने क्रमांक दिला असेल तर ‘ईएनओ१’, खाचेचा क्रमांक उपलब्ध असेल तर ‘ईएनएस१’ व दोन्ही नसतील तर मार्गावरून ‘ईएनपी३एस०’ असे नाव मिळते. शेवटच्या नावात ‘पी३’ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची बस व ‘एस०’ म्हणजे तीवरील शून्य क्रमांकाची जागा होय. शून्याहून वेगळे क्षेत्र असल्यास त्याचा क्रमांक आणखी एका ‘पी’सह आधी येतो. ‘ईएनपी०एस२०यू१’ या नावावरून शून्य क्रमांकाच्या बसवर विसाव्या जागी यूएसबी नियंत्रक असून त्याच्या पहिल्या द्वारात प्रयुक्ती बसविली आहे, असा बोध होतो. नाव लांब व उच्चारावयास कठीण झाले, परंतु ते वाचून यंत्रापर्यंत जाता येते.

ही पद्धतीही निर्दोष नाही. बस-क्रमांक संगणक सुरू होताना शाखा मोजून दिले जातात. नवीन कार्डामुळे एखादी शाखा वाढल्यास पुढील क्रमांक सरकतात व हात न लावलेल्या द्वाराचे नाव बदलू शकते. नावाची लांबी १५ अक्षरांपर्यंत मर्यादित असल्याने लांब मार्ग त्यात मावत नाहीत. २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५·५ व्या आवृत्तीपासून एका द्वारास अनेक पर्यायी व अधिक लांब नावे देण्याची सोय झाली.

जालाच्या बाजूने ओळख : स्विचसारख्या साधनांवर दूरस्थ देखरेख ठेवताना प्रत्येक द्वारास एक निर्देशांक दिला जातो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार साधन पुन्हा सुरू होईपर्यंत तो स्थिर राहणे पुरेसे होते. २००० मधील सुधारित मानकात नाव, वर्णन व व्यवस्थापकाने दिलेले उपनाम यांच्यासाठी स्वतंत्र जागा असून उपनाम साधन बंद करून सुरू केल्यानंतरही टिकावे, अशी अपेक्षा आहे. २००५ मध्ये संमत झालेल्या एका मानकानुसार जोडलेली साधने ठराविक काळाने, सामान्यतः दर ३० सेकंदांनी, आपले व आपल्या द्वाराचे अभिज्ञानक शेजाऱ्यास कळवितात. त्यामुळे केबलचे दुसरे टोक कोठे आहे, हे जागेवर न जाता समजते.

व्यवहारातील दक्षता : वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच नावात कोंबू नयेत, हे या विषयातील महत्त्वाचे सूत्र होय. मॅक पत्ता, मार्ग व उपयोग यांची वेगवेगळी नोंद ठेवून ती एका तक्त्यात परस्परांशी जोडावी. सुरक्षाविषयक नियम क्रमाधिष्ठित नावावर कधीही आधारू नयेत. ते व्यवस्थापकाने हेतूनुसार दिलेल्या नावावर लिहावेत व ते नाव मार्गाशी बांधावे की मॅक पत्त्याशी, हे जाणीवपूर्वक ठरवावे. कार्ड बदलण्याची शक्यता अधिक असेल, तर मार्ग सोयीचा. नवीन कार्डे घालण्याची किंवा कार्डाची जागा बदलण्याची शक्यता अधिक असेल, तर मॅक पत्ता सोयीचा. द्वारापाशी व केबलच्या दोन्ही टोकांना तक्त्यातील नावाची चिठ्ठी लावावी. अनेक ईथरनेट कार्डांवर विशिष्ट द्वाराचा दिवा आज्ञा देऊन लुकलुकविण्याची सोय असते. केबल उपसण्यापूर्वी तो दिवा पाहिल्यास तक्त्यातील नाव व समोरचे द्वार एकच आहे, याची खातरजमा होते.